पूलाचं पाणी तपासायच्या पट्ट्या सोडून थेंब मोजायला लागले, त्याला तीन वर्षं झाली

आमच्या घरामागचा स्विमिंग पूल ८ मीटर लांब, ४ मीटर रुंद, सरासरी खोली १.४ मीटर. म्हणजे साधारण ४५ हजार लिटर पाणी. भरतो बोअरच्या पाण्याने, आणि तो खोदलाय काळ्या मातीत. या दोन गोष्टी आधीच सांगते, कारण आमच्या पूलाचं जे काही बरंवाईट झालं ते या दोघींमुळेच. पूल बांधला तो आईसाठी. तिचे दोन्ही गुडघे झिजलेत, जमिनीवर दहा पावलं टाकणं जड जातं, पण छातीएवढ्या पाण्यात ती रोज सकाळी पाऊण तास चालते. पाणी बिघडलं की तिचं चालणं बंद, आणि चार दिवस चालणं बंद पडलं की रात्रीची झोप बंद.

हा रिव्ह्यू पाणी तपासायच्या किटचा आहे. थेंबांचं किट, ज्याच्यावर ‘एफएएस-डीपीडी’ असं लिहिलेलं असतं. कंपनी कुठलीही असो, ही अक्षरं बघून घ्या. आत डझनभर छोट्या बाटल्या, पावडरची एक डबी आणि इवलासा चमचा, खुणा केलेली नळी, पीएचचे रंग जुळवायचा ठोकळा, आणि तळाला काळा ठिपका असलेली एक वेगळी नळी. क्लोरीन, पीएच, अल्कलिनिटी (पीएचला धरून ठेवणारे क्षार), कॅल्शियमचा जडपणा आणि सायन्युरिक ॲसिड, एवढ्या पाच गोष्टी यावर मोजता येतात.

आधी दोन वर्षं आम्ही पट्ट्या वापरत होतो. पट्टी बुडवा, पंधरा सेकंद थांबा, डबीवरच्या रंगांशी जुळवा. झटपट काम होतं, यात शंका नाही. पण डबीवर जडपणाचा एक चौकोन २५० चा आणि त्याच्या शेजारचा थेट ५०० चा. आमचं पाणी नेमकं या दोघांच्या मध्ये! त्यातून पट्टीवरचा जडपणा कॅल्शियम आणि मॅग्नेशियम दोन्ही मिळून असतो. पूलाच्या प्लास्टरला आणि फरशीला फरक पडतो तो कॅल्शियमने. ज्यांच्याकडे मऊ पाणी आहे त्यांचं पट्टीवर भागेल. बोअरवाल्यांचं भागत नाही.

क्लोरीनची चाचणी मला सगळ्यात आवडते. नळीत १० मिली पाणी घ्यायचं, दोन चमचे पावडर टाकायची (हीच डीपीडी), हलवायचं. पाणी गुलाबी होतं. क्लोरीन जितकं जास्त तितका रंग गडद. मग बाटली सरळ उभी धरून एकेक थेंब सोडायचा आणि प्रत्येक थेंबानंतर नळी गोल हलवायची. गुलाबी रंग फिका होत होत एका थेंबाला एकदम साफ जातो. एक थेंब म्हणजे अर्धा पीपीएम (एक पीपीएम म्हणजे लिटरमागे एक मिलिग्रॅम). आठ थेंब लागले तर क्लोरीन ४. रंगाची छटा डोळ्यांनी जुळवायची भानगडच नाही, रंग आहे की गेला एवढंच बघायचं. आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन व्हायच्या आधीसुद्धा ती ही चाचणी बिनचूक करायची.

याचा फायदा कळायला एक प्रसंग घडावा लागला. पट्ट्यांच्या काळातच आमच्याकडे रंग जुळवायचं साधं डीपीडीचं किटही होतं. एकदा शेवाळ धरलं म्हणून मी क्लोरीनचा मोठा डोस दिला आणि तासाभराने तपासलं, तर पाणी बिनरंगी. मला वाटलं, सगळं क्लोरीन शेवाळाने खाल्लं. आणखी टाकलं. पुन्हा बिनरंगी. प्रत्यक्षात क्लोरीन इतकं झालं होतं की ते त्या गुलाबी रंगालाच धुऊन काढत होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी आई पाण्यात उतरली आणि पाच मिनिटांत डोळे चोळत बाहेर आली. तिचा पोहायचा पोशाख खांद्यापाशी विटला होता. थेंबांच्या किटमध्ये असं झालंच तर आणखी एक चमचा पावडर टाकली की रंग पुन्हा उमटतो, आणि मग मोजत राहायचं, ३० थेंब लागोत की ५०.

वासाबद्दलही याच किटने माझा गैरसमज दूर केला. “आज पाण्याला फार वास येतोय गं, औषध जास्त पडलं का?” असं आई विचारायची आणि मी दोन दिवस क्लोरीन बंद ठेवायची. उलटं होतं. तो झोंबणारा वास मोकळ्या क्लोरीनचा नसतो. घाम, तेल, साबण यांच्याशी क्लोरीनचा संयोग होऊन जे तयार होतं त्याचा असतो, आणि ते वाढतं मोकळं क्लोरीन कमी पडलं की. गुलाबी रंग घालवल्यावर त्याच नळीत तिसऱ्या बाटलीचे पाच थेंब टाकायचे. रंग परत आला तर ते वासाचं क्लोरीन. ते अर्ध्या पीपीएमच्या वर गेलं की मी आता क्लोरीन वाढवते, आणि दोन दिवसांत वास जातो.

आता बोअरच्या पाण्याकडे वळते. आमच्या बोअरचा कॅल्शियम जडपणा ३८० पीपीएम. प्लास्टरच्या पूलासाठी २०० ते ४०० बरं मानतात, म्हणजे सुरुवातच काठावर. उन्हाळ्यात रोज साधारण ५ मिलिमीटर पाणी उडतं, ३२ चौरस मीटरचे झाले १६० लिटर. वाफ एकटी जाते, क्षार मागे ठेवते. आपण पुन्हा बोअरचं पाणी भरतो आणि नव्याने ६० ग्रॅम कॅल्शियमचे क्षार पूलात टाकतो. हिशेब केला तर महिन्याला ४० पीपीएम वाढ. त्यात दाणेदार कॅल्शियम हायपोक्लोराइट वापरत असाल तर दर १० पीपीएम क्लोरीनमागे आणखी ७ पीपीएम कॅल्शियम. मग पाण्याच्या रेषेवरच्या फरशीवर तो पांढरा, खरखरीत पट्टा येतो, जो नखाने निघत नाही आणि ब्रशलाही दाद देत नाही.

जडपणाच्या चाचणीत २५ मिली पाण्यात आधी एका बाटलीचे २० थेंब, मग रंगाचे पाच. पाणी लाल होतं. मग मोजत थेंब टाकायचे, जांभळ्यावरून स्वच्छ निळं होईपर्यंत. प्रत्येक थेंब १० पीपीएम. आमच्याकडे ५५ थेंब लागतात आणि हात भरून येतो, म्हणून मी १० मिली पाणी घेते आणि प्रत्येक थेंबाला २५ धरते. बारकाईने बघायचं असेल तेव्हाच पूर्ण २५ मिली. कधी कधी रंग जांभळ्यावरच अडकतो, निळा होतच नाही. पाण्यात तांब्यासारखा धातू असला की असं होतं. अशा वेळी शेवटच्या बाटलीचे पाच-सहा थेंब सगळ्यात आधी टाकून मग बाकीची कृती करायची आणि ते थेंब मोजणीत धरायचे.

जडपणा ५५० असूनही आज आमच्या फरशीवर पट्टा नाही. कॅल्शियम पूलातून सहज काढता येत नाही, पण पीएच आणि अल्कलिनिटी आपल्या हातात असतात. या सगळ्यांचा मेळ घालणारा हिशेब विल्फ्रेड लँगेलियर यांनी १९३६ साली पाणीपुरवठ्याच्या नळांसाठी मांडला होता, तोच पूलाला लागू पडतो. पाणी क्षार सोडणार की उलट सिमेंटमधला चुना खाणार, ते त्यावरून कळतं. त्या हिशेबाचा आकडा शून्याच्या आसपास, उणे ०.३ ते अधिक ०.३ मध्ये राहिला की दोन्हीकडून सुटका. मी पीएच ७.४ च्या जवळ आणि अल्कलिनिटी ७०-८० वर धरते. बोअरच्या पाण्याची अल्कलिनिटी ३०० च्या घरात, त्यामुळे भर घातली की पीएच वर चढत राहतो. १० पीपीएम अल्कलिनिटी उतरवायला आमच्या पूलाला ३१ टक्क्यांचं हायड्रोक्लोरिक ॲसिड जवळपास ९०० मिली लागतं. ते मी दोन दिवसांत विभागून देते, पंप चालू ठेवून, हातमोजे आणि चष्मा घालून, आणि नेहमी पाण्यात ॲसिड ओतून, ॲसिडमध्ये पाणी कधीच नाही.

किटने ज्याचं उत्तर दिलं तो सगळ्यात महागडा प्रश्न मात्र गोळ्यांचा होता. सुरुवातीला देखभालीचं काँट्रॅक्ट दिलं होतं. त्यांचा माणूस दर आठवड्याला तरंगत्या डब्यात ट्रायक्लोरच्या, म्हणजे हळूहळू विरघळणाऱ्या क्लोरीनच्या, गोळ्या टाकून जायचा. ट्रायक्लोरच्या १० पीपीएम क्लोरीनबरोबर ६ पीपीएम सायन्युरिक ॲसिड येतं. ते उन्हापासून क्लोरीनला जपतं, म्हणून ३० ते ५० पर्यंत हवंच. पण ते उडत नाही, साचत जातं, आणि साचलं की क्लोरीनला धरून ठेवतं. पट्टीवर क्लोरीन २ दिसतं आणि पाण्यात शेवाळ वाढतं. आमचं तसंच झालं. पूल पूर्ण रिकामा करा, असं सांगण्यात आलं, आणि तोही केला पावसाळा नुकताच संपत असताना.

काळ्या मातीत हे कधीही करू नका. ही माती पाणी पिऊन फुगते आणि महिनोन्‌महिने ते सोडत नाही. भरलेल्या पूलाचं वजन त्या ओल्या मातीला आणि खालून दाबणाऱ्या पाण्याला तोलून धरतं. वजन काढून घेतलं की तो दाब रिकाम्या हौदावर येतो. मोठ्या नुकसानात अख्खा हौद वर उचलला जातो. आमच्याकडे खोल बाजूच्या तळाला केसाएवढी चीर पडली आणि अकरा फरशा पोकळ झाल्या. मी तळाला बसून एकेक फरशी बोटाच्या पेराने वाजवून बघितली. चांगली फरशी ‘टक्’ वाजते, सुटलेली ‘डब’. तो आवाज अजून कानात आहे. आई दोन महिने पाण्याबाहेर होती.

पुढच्या वर्षी पुन्हा शेवाळ आलं आणि पुन्हा तोच सल्ला मिळाला, तेव्हा मी नाही म्हटलं आणि हे किट मागवलं. सायन्युरिकच्या चाचणीत पूलाचं पाणी आणि औषध निम्मं-निम्मं मिसळतात, पाणी दुधट होतं. उन्हाकडे पाठ करून, नळी कंबरेच्या उंचीला धरून, काळा ठिपका दिसेनासा होईपर्यंत ते मिश्रण नळीत ओतायचं. आमचा ठिपका १०० च्या खुणेआधीच गेला. पाणी निम्मं पातळ करून पुन्हा केलं आणि उत्तर दुप्पट केलं तेव्हा आकडा आला १२०. रोगाचं नाव कळलं, आणि पूर्ण रिकामं करायची गरज नाही हेही कळलं. एक तृतीयांश पाणी बदललं की ८०, पुन्हा एक तृतीयांश बदललं की ५३. एवढंच करायचं होतं. मातीतल्या पाण्याची पातळी बघायला पूलाच्या कडेला भोकांचा उभा पाइप पुरून घेतला, तो कोरडा आहे याची टॉर्चने खात्री केली, आणि भर उन्हाळ्यात दोन टप्प्यांत पाणी बदललं. तळाच्या निचऱ्यात हायड्रोस्टॅटिक वॉल्व्हही बसवला. बाहेरचा दाब वाढला तर तो उघडून पाणी आत घेतो. तेव्हापासून द्रव क्लोरीन वापरते, थोडं थोडं आणि ताजं, कारण उन्हात ठेवलं की त्याचा जोर उतरतो. गोळ्या उरल्या असतील तर एक लक्षात ठेवा: ट्रायक्लोर आणि कॅल्शियम हायपोक्लोराइट एका डब्यात, एका चमच्यानेसुद्धा, एकत्र येता कामा नये. आग लागते, स्फोट होतो.

किटमध्ये दोषही आहेत. बाटल्या उष्णतेने खराब होतात. पंपाच्या खोलीत ठेवलेला माझा पहिला संच आठ महिन्यांत चुकीचे आकडे द्यायला लागला, आता घरात, अंधाऱ्या कपाटात ठेवते आणि दरवर्षी औषधं बदलते. पावडरच्या डबीला दमट हवा लागली की गुठळ्या होतात. बाटली तिरकी धरली की थेंब लहान-मोठे पडतात, टोक ओल्या फडक्याने पुसून बाटली अगदी सरळ धरावी लागते. सायन्युरिकचं औषध सगळ्यात आधी संपतं. पीएचला शेवटी रंगच जुळवायचा असतो, तो दिवसाच्या उजेडात उत्तरेकडे तोंड करून बघते, आणि क्लोरीन १० च्या वर असेल तर तो आकडा धरतच नाही. लोह तर हे किट सांगतच नाही, आणि बोअरवाल्यांना ते हवं असतं. त्यासाठी पांढऱ्या बादलीत बोअरचं पाणी घेऊन थोडं क्लोरीन टाकून रात्रभर ठेवा. सकाळी चहासारखं तपकिरी दिसलं तर लोह आहे. पाचही चाचण्यांना पंधरा-वीस मिनिटं जातात. ज्याला तेवढा वेळ नाही त्याने क्लोरीन आणि पीएच रोज, बाकीच्या महिन्यातून एकदा कराव्यात. मी जडपणा आणि सायन्युरिक महिन्याच्या एक तारखेला वहीत लिहिते.

त्या वहीमुळेच गेल्या उन्हाळ्यात आमचा पूल वाचला.

दोन महिन्यांचे आकडे ओळीने लिहिलेले होते. जडपणा महिन्याला ४० प्रमाणे वाढायला हवा होता, म्हणजे दोन महिन्यांत आठ थेंब. वाढले दोनच. आधी मला आनंद झाला. मग वाटलं, कॅल्शियम कुठे तरी बसत असेल, म्हणून फरशीवरून हात फिरवला, पंपाची जाळी काढून बघितली. सगळं स्वच्छ. मग सायन्युरिकचा आकडा बघितला. ५० वरून ३५. सायन्युरिक फरशीवर बसत नाही, वाफेबरोबर उडत नाही. थोडंफार आपोआप विरतं, पण इतकं नाही. बॅकवॉश, म्हणजे उलट्या प्रवाहाने फिल्टर धुणं, मी फिल्टरच्या दाबाच्या गेजचा काटा चढला तरच करते, महिन्यातून एकदा, त्यात जाणारं पाणी शेकडा एकच. पाऊस नव्हता. याचा अर्थ एकच: पूलातलं पाणी कुठे तरी जात होतं आणि त्याच्या जागी नवं येत होतं. पातळी मात्र रोज जिथल्या तिथे, कारण भरणाऱ्या नळाला फ्लोट वॉल्व्ह आहे, पातळी उतरली की तो आपोआप पाणी सोडतो. पूल गळत होता आणि फ्लोट ते झाकत होता. वहीवरून हिशेब निघाला, रोज अडीचशे लिटरच्या वर.

फ्लोट बंद केला. पायरीवर बादली ठेवली, तिच्यात पूलाचं पाणी भरलं, आतली आणि बाहेरची पातळी पेन्सिलने आखली. चोवीस तासांनी बादलीतलं पाणी ५ मिलिमीटर उतरलं होतं, पूलातलं १३. मधल्या ८ मिलिमीटरचे २५६ लिटर. वहीतला आकडा आणि बादलीतला आकडा जुळले तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. पाणी आणखी उतरू दिलं. स्किमरच्या (पाण्यावरचा कचरा ओढून घेणाऱ्या, भिंतीतल्या खिडकीच्या) तोंडाच्या खालच्या काठाशी ते आलं आणि गळती थांबली.

पुन्हा काठाच्या वर पाणी भरलं, पंप बंद केला, तासभर पाणी संथ होऊ दिलं. मग पीएचची फिनॉल रेडची बाटली घेऊन पाण्यात उतरले. स्किमरचा प्लास्टिकचा गळा भिंतीला मिळतो त्या सांध्यापाशी, पाण्याखाली, अगदी हळू दोन थेंब सोडले. लाल ढग जरा वेळ तिथेच लोंबकळला. मग त्याचा दोऱ्यासारखा बारीक धागा झाला, आणि तो धागा डाव्या कोपऱ्यातल्या सांध्यात आत ओढला गेला. आई काठावर खुर्ची टाकून बसली होती. तिला वरून दिसलं. “गेलं बघ आत!” म्हणाली.

सांधा का सुटला, तर मातीमुळे. काळी माती ओली झाली की फुगते, वाळली की आकसते, भेगाळते, आणि तिच्यावरची बाहेरची फरसबंदी तिच्याबरोबर वरखाली, मागेपुढे होते. पूलाचा हौद मात्र जागचा हलत नाही. म्हणून काठाचा दगड आणि बाहेरची फरसबंदी यांच्यामध्ये मोकळी फट ठेवायची असते आणि ती रबरासारख्या लवचीक सीलंटने भरायची असते. आमच्याकडे पहिल्या वर्षीच्या दुरुस्तीत ती फट सिमेंटने भरून टाकली होती, दिसायला नीटनेटकी. मग माती फुगली की फरसबंदी सरळ काठावर रेटायची, आणि त्या रेट्यात सगळ्यात कच्चा भाग म्हणजे स्किमरचा सांधा. तो सुटल्यावर गळणारं पाणी त्याच मातीत मुरत राहिलं, ती आणखी फुगली. त्या कोपऱ्यातली फरसबंदी बोटभर वर आलेली होती आणि मी तिला रोज ओलांडून जात होते.

सिमेंट कापून काढलं, फटीत फोमची दोरी दाबून वर पॉलिसल्फाइड सीलंट भरलं. स्किमरच्या सांध्यात पाण्यातही घट्ट होणारी इपॉक्सी पुट्टी भरली. छताच्या पाण्याचा पाइप त्या बाजूला सुटायचा, तो लांब वळवला. काठालगतच्या कुंड्या हलवल्या, कारण त्यांना रोज घातलेलं पाणीही त्याच मातीत जात होतं. पूलातलं पाणी एवढ्या कामासाठी फक्त स्किमरच्या खाली चार बोटं उतरवलं होतं. आईचं चालणं तीन दिवस बंद राहिलं.

पुढच्या एक तारखेला २५ मिली पाणी घेऊन जडपणा मोजला. गेल्या महिन्यापेक्षा चार थेंब जास्त लागले. चाळीस पीपीएम, अगदी हिशेबाप्रमाणे. वहीत लिहिलं आणि आईला हाक मारून सांगितलं, जडपणा वाढला.